निकासिओचे हात

कमान ओलांडून बस झाडीत शिरली आणि चढणीवर अडखळली. चालकाचा गिअर चुकला, गाडी कण्हली, आम्ही सगळे एकदम पुढं कलंडलो. माझ्या शेजारी बसलेली आई मांडीवरची पिशवी न सोडता, खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "कमानीपाशीच खालचा टाकायला हवा होता. इथवर आल्यावर उशीर होतो." मला हसू आलं. आईनं उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही. चालकानं आरशातून तिच्याकडं पाहिलं. आमच्या ग्रानादाची माणसं मुळातच खवट, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. तो म्हणाला, "या की आजीबाई, तुम्हीच बसा इथं. मी तिथं बसून झाडं बघतो." मागं कुणीतरी खिदळलं. आई हसली नाही. "पूर्वी दोनदा क्लच दाबायला लागायचा," ती म्हणाली, आणि ते त्याला नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. मला वाटलं, म्हातारपण. ब्याऐंशीव्या वर्षी माणसं कुठलं तरी ऐकलेलं कुठंतरी बोलतात. पण ते वाक्य कानात खड्यासारखं राहिलं. क्लच हा शब्द आईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

आम्ही आल्हाम्ब्रावर चाललो होतो, तेही माझ्या हट्टानं. राजवाडा आमच्या डोक्यावर असतो. धुणं वाळत घालताना दिसतो, दुकानाचं शटर वर करताना दिसतो, म्हणून आम्ही कुणी तिथं जात नाही. जगभरची माणसं रांगा लावतात आणि मी खाली चष्म्याच्या दुकानात त्यांच्या तुटलेल्या काड्या बसवून देते. पण येत्या रविवारी स्मशानाच्या भिंतीपाशी नावं वाचली जाणार होती. छत्तीस साली यादवी युद्ध पेटलं त्या उन्हाळ्यात ज्यांना ट्रकमध्ये घालून टेकडीवर नेलं आणि त्या भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या त्यांची नावं, त्यांच्याच घरच्या माणसांच्या तोंडून. माझ्या वाट्याला माझे आजोबा होते, आईचे वडील, बाल्दोमेरो. आजोबा राजवाड्यात गिलाव्याचं नक्षीकाम करायचे. पडझड झालेल्या जुन्या भिंतींना त्यांनी पुन्हा वेलबुट्टी दिली आणि कामावरूनच त्यांना उचललं. हे मला इतकं ठाऊक होतं की कधी कळलं ते आठवत नाही, आपलं नाव कधी कळलं ते आठवत नाही तसं. घरात त्यांचा एकच फोटो होता. बारीक मिशा, बाह्या दुमडलेल्या, आणि कोपरापर्यंत पांढरे हात. लहानपणी मला वाटायचं, त्यांनी हातमोजे घातलेत. त्यांच्या एका कामापाशी आईला उभं करून फोटो काढायचा आणि रविवारी तो फुलांबरोबर ठेवायचा, असं माझ्या मनात होतं. आई आधी नाही म्हणाली, मग पाय दुखतो म्हणाली, मग आज सकाळी कॉफीचा कप विसळता विसळता म्हणाली, "चल. होऊन जाऊ दे एकदाचं."

हौदाच्या चौकात आम्ही आलो तेव्हा ऊन पाण्यावर होतं आणि पाण्यातला मनोरा वरच्या मनोऱ्यापेक्षा जास्त खरा वाटत होता. दोन्ही बाजूंना मेंदीसारख्या कुंपणाचा कडसर वास. हौदाच्या टोकाशी, दाराच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर तो तुकडा आहे. वेलीतून वेल निघते, तिच्यात अक्षरं गुंतलेली आहेत, आणि एका जागी पान किंचित जाड आलंय. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, मला हाताला धरून तिथं नेलं होतं आणि माझं बोट त्या पानावर ठेवून म्हटलं होतं, "हे तुझ्या आजोबाचं पान." त्यानंतर आयुष्यात जे जे मला महत्त्वाचं वाटलं त्याला मी त्या पानापाशी नेलं. लग्नाआधी नवऱ्याला नेलं. तो म्हणाला, छान आहे. पुढं त्याच्याशी पटेनासं झालं तेव्हा मला ते 'छान आहे' आठवायचं आणि वाटायचं, तेव्हाच कळायला हवं होतं. मुलगी झाली तेव्हा तिला कडेवर घेऊन नेलं. दुकानात एखादं गिऱ्हाईक त्या युद्धाबद्दल काहीबाही बोललं की मी लेन्स पुसता पुसता त्या पानाचा विचार करायचे आणि गप्प राहायचे. ते गप्प राहणं मला उंच करायचं. माझ्यामागं भिंतीला ताठ उभा राहिलेला एक माणूस होता, त्याच्या पाठीला पाठ लावून मी जगले.

"इथं उभी राहा," मी आईला म्हटलं. "हात लाव पानाला. जरासा."

"हात लावायचा नाही, बाई," कोपऱ्यातला पहारेकरी म्हणाला.

"माझ्या मामानं लावलाय आधीच," आई म्हणाली.

मी डोळ्याला कॅमेरा लावलेला होता. काचेतून आई लहान दिसत होती, तिच्या कोपराशी ते पान. मी म्हटलं, "मामानं नाही, बाबांनी. हस ना थोडी."

"मामानंच. हे निकासिओमामाचं काम. बाबांना खिळासुद्धा सरळ ठोकता यायचा नाही." मग तिनं बसायला जागा शोधली आणि भिंतीलगतच्या संगमरवरी कट्ट्यावर बसली. पिशवी मांडीवर घेतली. "तू रविवारी चारचौघांत उभी राहणार म्हणून सांगते. नाहीतर नसतं सांगितलं. बाबा ट्रक चालवायचे. इथल्या कामावर चुना यायचा, जिप्सम यायचं, दगड यायचा, तो ट्रक. मग निळ्या शर्टातली फॅसिस्ट माणसं आली आणि ट्रकसकट बाबांना घेऊन गेली."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. जेवले."

जेवले, हा शब्द मी ऐकला. त्याचा अर्थ माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. एखाद्या उंच जागेवरून काही पडावं आणि आपटल्याचा आवाज यायचा राहूनच जावा तसं झालं. मी कॅमेरा खाली केला नव्हता. काचेत आई होती, तिचे ओठ हलत होते, कडेला एक परदेशी जोडपं पाण्यावर वाकून आपलंच प्रतिबिंब टिपत होतं. मी म्हटलं, "कसलं काम?" खरं तर मला कळलं होतं. पण विचारलं की थोडा वेळ मिळतो.

"खालच्या तुरुंगातून माणसं भरायची आणि वर नेऊन सोडायची," आई म्हणाली. सोडायची म्हणाली ती. बाजारात भाजीची पोती सोडावीत तशी. "आम्ही तेव्हा गोमेरेस चढणीवर राहायचो. उजाडायच्या आधी ट्रक घरावरून जायचा. सगळी आळी जागी असायची, कुणी दिवा लावायचं नाही. आई उशीत तोंड खुपसायची. आणि मी आवाजाची वाट बघायचे. कमानीपाशी आले की बाबा दोनदा क्लच दाबून गिअर खाली टाकायचे, फक्त त्यांनाच जमायचं ते, दुसऱ्या ट्रकचे गिअर किंचाळायचे. तो आवाज आला की मला कळायचं, बाबा आहेत. मग मला झोप लागायची." तिनं पिशवीचे बंद सारखे केले. "छान झोप लागायची, विसी. आठ वर्षांची होते मी."

विसी म्हणजे मी, विसितासिओन. ते नाव आजीचं आवडतं होतं. मला आठवतं, त्या क्षणी मी माझे हात बघितले. आमच्या घरात म्हणायचे, हिचे हात आजोबांवर गेलेत, लांब बोटं, कारागिराची. काड्यांचे बारीक स्क्रू बसवताना मला त्या वारशाचं बळ मिळायचं. मी विचारलं, "फोटोतला माणूस?"

"मामा."

"पांढरे हात?"

"मामाचेच. बाबांचा फोटो आईनं ठेवलाच नाही एकही. मामा तिचा पाठचा भाऊ. फार जीव होता तिचा त्याच्यावर." आई आता भिंतीकडं नाही, पाण्याकडं बघत होती. "एका सकाळी तोही होता मागं. बाबांना ठाऊक नव्हतं. ताडपत्री टाकलेली असायची ना. वर गेल्यावर उतरवताना दिसला. बाबा घरी आले, जेवायला बसले नाहीत, आईला सांगितलं. ते सांगायला नको होतं त्यांनी. पण सांगितलं. आईनं काही आरडाओरडा केला नाही. त्यांचे जोडे, दाढीचा ब्रश आणि एक सदरा बाहेर पायरीवर ठेवला आणि कडी लावली. दिवसभर ते पायरीवर बसून होते. मी फटीतून बघितलं. मग उठून गेले."

"मग त्यांना मारलं कुणी?"

"कुणीच नाही."

आणि आजी. आजीनं आईला समोर बसवून सांगितलं होतं, कुणी विचारलं तर म्हणायचं, बापाला टेकडीवर नेलं. एवढंच बोलायचं, ते खोटं नाही. ते खरंच खोटं नव्हतं. पुढचं लोकांनी आपणहून जोडलं, शेजारणींनी हळहळ केली, आणि आजीनं ती हळहळ मुकाट्यानं घेतली, जणू उसनं पीठ घ्यावं. मी जन्मले तोवर सगळं भरून आलं होतं. भावाचं मरण नवऱ्याला लावून झालं होतं, भावाचे हात लावून झाले होते, आणि भाऊ मात्र घरातून पुसला गेला होता, कारण एका घरात दोघांना तेच मरण कसं देणार? निकासिओ हे नाव मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. आजी मला त्या पानापाशी घेऊन गेली होती तेव्हा माझं बोट तिनं किती तरी वेळ तिथून उचलू दिलं नव्हतं. ते मी नेहमी आठवायचे. ते नवऱ्यासाठी असं मला वाटायचं.

आम्ही पुढच्या दालनात गेलो असू. मला दालन आठवत नाही, फक्त छत आठवतं, लाकडातल्या तारकांच्या रांगांवर रांगा, आणि मान वर करून उभे असलेले लोक. मी मात्र खिडकीपाशी गेले. खाली दरी, पलीकडं आल्बाइसीन वस्तीची पांढरी घरं, आणि त्या शांत उन्हात माझ्या मनात एकदम ऊस आला. कुठून आला कळेना. उसाचं तोडलेलं पेर, हिरवट पांढरं, त्याच्यातून गळणारा रस, आणि कोपरापर्यंत चिकट झालेले माझे हात. मी पाच-सहा वर्षांची असेन. आई मला बसनं मोत्रिलला घेऊन गेली होती, समुद्र दाखवायला म्हणून. समुद्र आम्ही पाहिला नाही फारसा. साखर कारखान्याच्या आवाराबाहेर एक ट्रक उभा होता आणि त्याच्या पायरीवर एक माणूस बसला होता. त्यानं खिशातून चाकू काढून उसाचं पेर सोललं, त्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक माझ्या हातावर ठेवला. चोथा गिळायचा नाही, थुंकायचा, म्हणाला. मी थुंकले तर तो हसला. आई थोडी लांब उभी होती, पाठमोरी. निघताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला उचलला आणि आपल्याच विजारीला पुसला. मी आईला विचारलं होतं, ते कोण? आई म्हणाली होती, कारखान्यातले एक ओळखीचे. त्या दिवसाची मला आठवण होती ती फक्त गोडीची.

मी मागं वळले. आई माझ्याच मागं उभी होती. "मोत्रिलचा माणूस," मी म्हटलं.

ती जराही दचकली नाही. "त्यांना नात बघायची होती. एकदा. मी नेलं."

"तू त्यांच्याशी बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं?"

मला राग यायला हवा होता. मी तो शोधला. सापडला तो चमत्कारिकच: मला त्या माणसानं दिलेला ऊस आवडला होता, याचा राग. पन्नास वर्षं जिभेवर राहिलेली ती चव आता कुठं थुंकायची? आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याच्याकडं बघवेना. आजवर मी त्या भिंतीपुढं उभी राहायचे तेव्हा गोळी ज्यांच्या छातीत लागली त्यांच्या बाजूनं उभी असायचे. आता मला दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागणार होतं, आणि तीसुद्धा बंदूक धरणाऱ्यांची नाही, तर इंजिन चालू ठेवून वाट बघत बसलेल्याची. त्या बाजूला उभं कसं राहतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीला टेकावंसं वाटलं, पण हात लावायचा नव्हता.

बाहेर थांब्यावर बस आली तेव्हा मी खाली जाणारी आहे का विचारलं. चालक म्हणाला, "वर, बाई. स्मशानाकडं. घाई असेल तर बसा." आणि मी काही म्हणायच्या आत आई चढली होती. ती दांडा धरून बसली. उजवीकडं सिएराच्या डोंगरावर अजून बर्फाचे पट्टे होते. वर फुएन्सान्ता असणार हे दोघींनाही ठाऊक होतं. फुएन्सान्ता आईच्याच वयाची, लहानपणची मैत्रीण. तिच्या बापाला छत्तीसच्याच ऑगस्टात वर नेलं होतं. तो टपालखात्यात होता. सगळी नावं गोळा करून रविवारचं जमवून आणलं ते तिनंच. आणि दरवर्षी आदल्या आठवड्यात भिंतीपाशी कितीदाही झाडलं तरी ती जागा तिला अस्वच्छच वाटायची.

ती होतीच. डोक्याला रुमाल, हातात खराटा, सरूची वाळलेली फळं एका बाजूला लोटत होती. भिंतीवर गोळ्यांचे खळगे आहेत, त्यांतल्या काहींत मुंग्या राहतात. आम्हाला बघून तिनं खराटा टेकवला आणि आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "ये बाई. बरं झालं आलीस. विसी, बाल्दोमेरोचं नाव माझ्या बापानंतर लगेच ठेवलंय हं. दोघं शेजारी शेजारी. आवाज मोठा काढ, नाहीतर तुझं नेहमीचं, पुटपुट."

मला वाटलं होतं, आई बोलेल. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोलायचं मलाच होतं. आईनं मला सांगितल्यानं ते माझं झालं होतं. मी म्हटलं, "फुएन्सान्तामावशी, त्यांना गोळी घातली नाही. ते ट्रक चालवत होते."

"कुठला ट्रक?"

तिला उत्तराची गरज लागली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही, फक्त खराट्यावरची बोटं एकदा उघडली आणि पुन्हा मिटली. तिनं भिंतीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, जिथून ट्रक येत असणार त्या वळणाकडं, आणि मग आईकडं.

"घरी बोलायचा?" ती म्हणाली. "त्या माणसांबद्दल? काही?"

"एकदाच बोलले," आई म्हणाली. "म्हणाले, मागून हळू चालव म्हणतात. रोज कुणीतरी म्हणतंच."

"मग? चालवायचा हळू?"

"नाही. शेजारी बंदूकवाला असायचा. आणि ही चढण अशी आहे, हळू गेलं तर गाडी बंद पडते."

वारा आला, फुएन्सान्तानं लोटलेली फळं पुन्हा घरंगळत पायापाशी आली. ती त्यांच्याकडं बघत राहिली. "दर उन्हाळ्यात," ती म्हणाली, "तू इथं माझ्या शेजारी उभी राहायचीस, आंगुस्तियास."

"तू माझा हात धरायचीस," आई म्हणाली.

"मला काय माहीत?"

"नव्हतंच माहीत. म्हणून धरू द्यायचे."

हे आई इतक्या साधेपणानं बोलली की मला पुन्हा तोच धक्का बसला, सकाळपासूनचा, आणि मला कळलं की तो ओसरणार नाही, फक्त जागा बदलत राहील. फुएन्सान्ता आईच्या जवळ गेली. मला वाटलं, मारते की काय. तिनं आईची उलटलेली कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "रविवारी तू येऊ नकोस. मला नाही जमायचं." आई मान हलवून बरं म्हणाली. शाळेत बाई वर्गाबाहेर जा म्हणाल्या की मुलं म्हणतात तसं.

"मीही येत नाही," मी म्हटलं.

"तू येशील," फुएन्सान्ता माझ्याकडं न बघता म्हणाली. "त्या ट्रकमध्ये तुमचं कुणीच नव्हतं का?"

तेव्हा मी निकासिओचं सांगितलं. जेवढं तासाभरापूर्वी कळलं होतं तेवढं: गिलावा करायचा, आजीचा पाठचा भाऊ, पांढरे हात. सांगताना माझ्या लक्षात आलं की हेच सगळं मी तिला वर्षानुवर्षं सांगत आले होते, फक्त नाव दुसरं होतं. तीही तसंच ऐकत होती, जणू पहिल्यांदाच. "पूर्ण नाव काय?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. त्या माणसाच्या पानापाशी मी आयुष्यभर गेले होते आणि त्याचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. मागून आई म्हणाली, "निकासिओ आल्गार्रा मोलिना. सव्वीस वर्षांचा होता. लग्न ठरलं होतं."

"सव्वीस," फुएन्सान्ता म्हणाली. "मग हेच वाच. मोठ्यानं."

आम्ही निघालो. थोडं अंतर गेल्यावर तिनं हाक मारली, आणि ती आईला होती.

"अगं, तुझा बाप. बिछान्यात गेला?"

"हो. मोत्रिलला."

"कुणी होतं जवळ?"

"नाही. घरमालकिणीनं दार फोडलं तेव्हा कळलं."

"बरं झालं," फुएन्सान्ता म्हणाली. तिनं खराटा उचलला, दोन हात मारले, आणि तिथंच थांबली. "नाही. बरं नाही झालं ते," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून भिंतीच्या कडेकडेनं झाडायला लागली.